भिजवलेली दोरी

अजूनही कुठे ओली दोरी पिळून ठेवलेली दिसली की तो कैदी माझ्या डोळ्यांसमोर उभा राहतो. नोकरीत चोर, दरोडेखोर, खुनी पुष्कळ पाहिले. त्यांतल्या कुणाचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. याचं वाटलं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेव्हा मी भाईंदरला पोलीस निरीक्षक होतो. उत्तनचा एक कोळी, जन्मठेपेचा कैदी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या कारागृहातून भरदुपारी पळायला निघाला. बराकीतल्या घोंगड्या उन्हात घालायचं काम त्याच्याकडे होतं. दोरीला बादलीच्या कडीचा आकडा लावून त्याने तो भिंतीवर टाकला, दोरीवर चढला, अर्ध्यात दोरी तुटली आणि पठ्ठ्या पायाचं हाड मोडून खाली पडला. गुन्हा तिकडच्या ठाण्यात नोंदला गेला. आमच्याकडे आला तो त्याच्या बहिणीचा तपास.

त्याचं कारण ती दोरी. बोटाएवढी जाड, तिपेडी, कुठे गाठ नाही की धागा सुटलेला नाही. आत बसून अशी दोरी वळणं शक्यच नाही, असं कारागृहाचे अधिकारी म्हणत होते. घोंगड्या मोजल्या, तर एकही कमी नव्हती. चार दिवस आधी बहीण मुलाखतीला येऊन कपड्यांचं गाठोडं देऊन गेली होती. त्यात आमच्या खबऱ्याने टीप दिली की ती बाई आठवडाभर अंगणात दोरी वळत बसली होती. झालं! माझ्या लेखी प्रकरण मिटलं. महिला शिपाई बरोबर घेतली आणि जीप उत्तनला काढली.

घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली. तिला बघायला रजा मिळावी म्हणून मुलाने वर्षभरापूर्वी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला होता. पळण्यामागचं कारण एवढंच. बहीण चाळिशीची, बिनलग्नाची. तिच्याशिवाय म्हातारीला पाणी द्यायलाही दुसरं माणूस नव्हतं. अंगणात वळली ती दोरी बोंबील वाळत घालायच्या बांबूंना बांधायची होती, असं तिने सांगितलं आणि बांबूंना बांधलेली दोरी दाखवलीही. सगळेच असं काहीतरी दाखवतात, असं मी तिला ऐकवलं. ती रडली नाही, पाया पडली नाही. आईला पेज भरवून येते, मग चला, एवढंच म्हणाली. खरं सांगायचं तर मला ते निर्ढावलेपण वाटलं.

ती आली तेव्हा ओळख पटवण्यासाठी आणलेला तुटक्या दोरीचा तुकडा मी तिच्या हातात दिला. तिने तो चिमटीत चोळला, तुटलेलं टोक उजेडात धरलं.

"भिजवली व्हती का?" तिने विचारलं.

मी चमकलो. पंचनाम्यात 'दोरी ओली' असे दोन शब्द होते. पावसाचा कित्येक महिने पत्ता नव्हता, आणि तरी मी धरून आम्हा कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं.

"येडा," ती म्हणाली. "बापानं शिकवलं तसंच केलं. सुताची दोरी भिजवली का बळ धरते. पन ही लोकर हाय, साहेब. लोकर भिजली का दम सोडते. घोंगड्या आम्ही बाया धुतो, आमाला म्हाईत. मी वळून दिली असती तर त्याला सांगितलं नसतं?"

तिचं म्हणणं मला पटलं. पण आरोपीच्या बहिणीच्या एका वाक्यावर तपास सोडून देता येत नाही. तिला घरीच ठेवलं, न्यायालयाची परवानगी काढली आणि कारागृहाच्या दवाखान्यात त्या कैद्याला गाठलं.

पहिल्या दिवसापासून तो एकच सांगत होता की दोरी मीच वळली. घरच्यांना वाचवायला आरोपी असं बोलतोच, म्हणून कुणी मनावर घेतलं नव्हतं. बहिणीला अटक होणार असं मी म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याने एक घोंगडी मागून घेतली. रोज वेगळ्या घोंगडीच्या काठातून फक्त दोन धागे काढायचे, असं वर्षभर केलं, तो म्हणाला. घोंगडी कमी होणार कशी? धाग्यांचं टोक त्याने चांगल्या पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि मांडीवर पीळ द्यायला सुरुवात केली. डॉक्टर, वॉर्डर, मी, सगळे नुसते बघत राहिलो. वेगापुढे हात दिसत नव्हते. बघता बघता हातभर तिपेडी दोरी तयार, अगदी मुद्देमालातल्यासारखी.

मग कुणी काही न सांगता त्याने ती पेल्यातल्या पाण्यात बुडवली, दोन बोटांत पिळली आणि माझ्यापुढे केली. "आता ताणून बघा."

दोरी भिजवायची खोड त्याचीच होती; मला हवं होतं ते मिळालं. तरी त्याला स्पष्ट सांगितलं की वर्षभर तयारी केल्याचा हा जबाब दिलास तर शिक्षेतल्या माफीचे सगळे दिवस जातील, वर नवी शिक्षा लागेल. विचार कर.

"आयच्या उशाशी कोन तरी पायजे, साहेब," तो म्हणाला. "मी न्हाय पोचलो. ती तरी ऱ्हाऊ दे." आणि सही केली.

सही झाल्यावर त्याने हळूच विचारलं, पण तुटली कशी? त्याच्या हातची दोरी आजवर तुटली नव्हती. बहिणीचं बोलणं मी त्याला सांगितलं. तो प्लास्टरचा पाय हलेपर्यंत हसला. तिलाच विचारायला पाहिजे होतं, म्हणाला.

बहिणीचं नाव तपासातून वगळलं. म्हातारी पुढच्या महिन्यात गेली. त्याला वाढीव शिक्षा झाली, ती त्याने पुरी भोगली.

या प्रकरणाने मला पंचनामा वाचायला शिकवलं, असं मी नव्या पोरांना सांगत असे. ते खरंच आहे. पण खरा धडा वेगळा होता. ज्या बाईला मी निर्ढावलेली समजलो, ती अटकेआधी आईच्या पोटाची सोय बघत होती. माणसं ओळखण्याचा माझा तोरा त्या दिवशी उतरला.

निवृत्तीनंतर एकदा सुके बोंबील घ्यायला उत्तनला गेलो होतो. तो सुटून आलेला. लंगडत पुढे आला, मला खुर्ची दिली, बहिणीला चहा ठेवायला सांगितलं. एवढी वर्षं जास्त काढलीस, वाईट वाटतं का, असं मी न राहवून विचारलं.

त्याने मान हलवली. "आय तिच्या मांडीवर गेली, साहेब. जीपमागं बघत न्हाय गेली."

जीप माझीच होती. मी चहा घेतला.