तानाजीराव गडावर आहेत

माझ्या वडिलांचं नाव तानाजी ठेवणाऱ्या आजोबांना मी आजवर माफ केलेलं नाही. दगडू, धोंडू, काहीही चाललं असतं. तानाजी ठेवलं आणि सांगवीच्या आमच्या मंडळाला गणपतीतल्या जिवंत देखाव्यासाठी आयता तानाजी मालुसरे मिळाला. एरवी अण्णा म्हणजे वांगी-दोडका पिकवणारा साधा माणूस. पण आषाढ लागला की मिशा वाढवायच्या आणि गणपती बसले की रोज संध्याकाळी रस्त्याकडेच्या मांडवात जाऊन मरायचं. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले. यांनी फक्त ओठ हलवायचे, तलवार फिरवायची आणि पडायचं. पडदा पडला की उठायचं, पुढच्या खेळाला पुन्हा मरायचं.

एका वर्षी मंडळाने दुसऱ्या कुणाला तरी उभं केलं, तर लोक ओरडले, "खरा तानाजी आणा!" झालं. अण्णा हरभऱ्याच्या झाडावर चढले ते उतरलेच नाहीत.

मी जन्मले तीही गणपतीत. आई बारामतीच्या दवाखान्यात, हे कोंढाण्यावर. पडलेला तानाजी हलत नाही, हे यांचं व्रत. एकदा मुंग्या चावून कान सुजला, पण यांनी पापणी हलू दिली नाही. त्याचं कौतुक गावभर झालं. कानाला हळद मात्र आईनेच लावायची.

यंदा तर कहर केला. इंदापूरहून मला बघायला पाहुणे आले. मुलगा इंद्रजित, भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी चालवतो. मला तो पसंत होता, अगदी मनापासून. त्याचे वडील गोकुळराव मात्र कडक. चहा-पोहे झाल्यावर त्यांनी विचारलं, "मुलीचं वडील कुठं हायती?"

आई मान खाली घालून म्हणाली, "गडावर गेल्यात."

पहिला खेळ करून येतो, असा शब्द देऊन गेला होता हा माणूस. मी आत जाऊन फोन लावला.

"सुकन्या, स्पर्धेचं परीक्षक आल्यात गं. एवढा खेळ हुं दे," म्हणाले आणि फोन ठेवला.

गोकुळराव उठलेच. "पोरीच्या बापाच्या तोंडून होकार आल्याबिगर आमच्यात सुपारी फुटत न्हाय. उद्या लोणी भापकरला दुसरी पोरगी बघायचीय. तितं जुळलं तर आमाला बोल लावू नका."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला, दावते तुमाला पोरीचा बाप," म्हणाली आणि सगळ्यांना घेऊन मांडवाकडे निघाली.

आम्ही पोचलो तेव्हा देखावा रंगात आला होता. पोराचं लग्न बाजूला ठेवून आधी कोंढाण्याचं लगीन लावणारं ते वाक्य कर्ण्यातून घुमलं, अण्णांनी ओठ हलवले, टाळ्या पडल्या. गोकुळरावांनी माझ्याकडे पाहिलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

लढाई झाली. अण्णा पडले ते नेमके स्टेजच्या कडेला, गोकुळरावांच्या पुढ्यात. शेजारी परीक्षक लिहीत होते. गोकुळराव वाकले.

"तानाजीराव, आमाला निघायचंय. पोरगी द्यायचीय का न्हाय?"

गोकुळरावांनी आवाज चढवला.

"अवो, मी पोराचा बाप इचारतोय."

पापणीसुद्धा हलली नाही. मला इतका संताप आला, की या माणसाला खरोखरच कड्यावरून लोटावंसं वाटलं.

"चल रं इंद्रजित," गोकुळराव म्हणाले आणि वळले. इंद्रजितने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तोही गर्दीतून त्यांच्यामागे निघाला.

"ओ पाव्हणं! थांबा की! दिली पोरगी!"

तानाजी उठून बसला होता. अर्धं पागोटं कानावर, गालाला लाल रंग. कर्ण्यात त्याच्या मरणाचा आक्रोश चालूच होता. मांडवात हशा पिकला. परीक्षकांनी पेनला टोपण लावलं.

मंडळाचा अध्यक्ष भिमा विंगेतून केकाटला, "आण्णा, आडवं व्हा! मेलाय तुमी!"

"आज मरायला सवड न्हाय," अण्णा स्टेजवरून उतरत म्हणाले, "लेकीची सुपारी फोडायचीय."

भर मांडवात मला रडू फुटलं. माझ्यासाठी गड सोडून हा माणूस जन्मात पहिल्यांदा खाली आला होता.