त्र्यंबकरावांनी डॉक्टर जेवू घातले

माळ्यावर मधु कण्हला का, या काळजीने मंदाकिनीचा हात खिचडीच्या पातेल्यावर थांबला. नाही, नुसती फळी करकरली होती. नऊ वर्षांचे पोर तीन दिवस तापाने फणफणत होते. दुपारी तिने काखेत चाचपून पाहिले, तेव्हा गाठ नव्हती. निदान तिच्या बोटांना लागली नव्हती. पण दुपारची संध्याकाळ झाली होती, आणि बोटे काही डॉक्टरी शिकलेली नव्हती.

साल अठराशे सत्त्याण्णव. कल्याणात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग. संशय आला की आजारी माणूस गावाबाहेरच्या छावणीत आणि बाकीचे घर वेगळ्या झोपड्यांत. स्टेशनावर उतारू तपासायला मुंबईहून दोन तरुण डॉक्टर आले होते. घरेही तेच पाहत. अशा वेळी शहाणा माणूस घरातला आजारी लपवतो आणि डॉक्टरांपासून लांब राहतो. मंदाकिनीचे यजमान त्र्यंबकराव त्याहून शहाणे. त्यांनी मधूला माळ्यावर लपवले आणि डॉक्टरांना जेवायला बोलावले.

"अगं, ज्याच्या घरी जेवला, त्याच्या घराची झडती घेतो का कोणी?"

त्र्यंबकरावांचा जन्मभर हा एकच उपाय. कचेरीत बिनपगारी उमेदवाराचे अव्वल कारकून झाले ते आपल्या अक्षराच्या जोरावर, असे ते सांगत. मामलेदार मात्र अजून वालाच्या बिरड्याची आठवण काढत. कुंपणावरून शेजाऱ्याशी वाद झाला, जेवण. व्याही रुसले, जेवण. आता प्लेग आला, तर कोलंबीची खिचडी. रांधणारे हात कोणाचे, हा तपशील त्यांच्या कर्तबगारीत कधी येत नसे.

पाटावर दोघे डॉक्टर बसले होते. गोपीनाथ किडकिडीत आणि बोलका. उत्तम गोलमटोल, आणि तोंड रिकामे असेल तेव्हाच बोलणारा.

"पुरे, त्र्यंबकराव! तिसऱ्यांदा सांगतोय." गोपीनाथने पानावर हात आडवा धरला.

"तिसरं 'पुरे' आमच्याकडे मोजत नाहीत, डॉक्टर!"

"मुलंबाळं दिसत नाहीत?" गोपीनाथने विचारले.

"एकच मुलगा, मधु. मामाकडे गेलाय, खडवलीला."

"मघाशी दारात म्हणालात, देवळात गेलाय," उत्तमच्या तोंडात नेमका घास नव्हता.

"देवळातूनच परस्पर खडवलीला!" त्र्यंबकरावांनी त्याच्या पानात भली मोठी वाढणी केली, आणि ते तोंड पुन्हा कामाला लागले.

गोपीनाथला किस्से सांगायची हौस होती. "गेल्या आठवड्यात एका घरी आजीबाई भाताच्या कणगीत सापडल्या. हातात सूप! म्हटलं, आजी, इथे काय करता? तर म्हणतात, दिसत नाही का, पाखडतेय!"

सगळ्यांत मोठ्याने त्र्यंबकराव हसले. "काय एकेक अडाणी लोक!"

तूप घ्यायला ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. परक्या पुरुषांशी घरातल्या बाईने बोलायचे नाही, बोलणे जायचे ते यजमानांच्या तोंडून. मंदाकिनी कुजबुजली, "विचारावं ना, त्या आजींना प्लेगच होता का?"

त्र्यंबकराव वळले. "घरातून विचारतात, बिरडं आणखी वाढू का?"

ती दुसऱ्यांदा म्हणाली, "विचारावं, तीन दिवस ताप उतरलाच नाही, तर—"

"घरातून बजावलंय, पानात काही टाकायचं नाही!"

डॉक्टर हसले. वहिनी फार आग्रही, असे उत्तम म्हणाला.

मग गोपीनाथ आपणहूनच म्हणाला, "गंमत म्हणजे आजींना साधा हिवताप. कोयनेलच्या पुड्या दिल्या, चौथ्या दिवशी उठून बसल्या. आठ दिवस कणगीत राहिल्या असत्या, तर मरायला प्लेगाची गरज नव्हती."

"आणि प्लेग असता तर?" उत्तम म्हणाला.

"तर छावणी. तिथूनही काही परत येतात. कणगीतून कोण येणार?"

हात धुऊन झाले, विडे झाले, डॉक्टर ओटीवर बूट चढवू लागले. त्र्यंबकराव आत डोकावले, तेव्हा त्यांच्या तोंडावर बढती मिळाल्याचे तेज होते.

"जिंकलं! आता वर्षभर या घराकडे कोणी डॉक्टर बघणार नाही."

ते पुन्हा ओटीवर गेले. मंदाकिनीने माळ्याकडे पाहिले. वर्षभर कोणी बघणार नाही.

माळ्यावरून बारीक आवाज आला, "आई, पाणी."

"सांभाळून हं, पायरी मोडकी आहे!" ओटीवर त्र्यंबकराव नको इतक्या मोठ्याने म्हणाले. पायरी चांगली धड होती.

छावणीत गेलेली दोन घरे मंदाकिनीला ठाऊक होती. एकातली माणसे परत आली होती. तिने हात पुसले, पदर सारखा केला. हा निरोप यजमानांच्या हाती देऊन उपयोग नव्हता. त्याची वाटेत खिचडी झाली असती. ती उंबरा ओलांडून ओटीवर आली, तोवर डॉक्टर आळीच्या वळणाशी पोचले होते. हाक तीच मारणार होती, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. 'डॉक्टर' म्हणावे की 'भाऊ', एवढेच ठरायचे राहिले होते.