भिजत घातलेले वायसर

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे, बंद पडलेल्या हातपंपासाठी सकाळी वाटीभर तेलात चामड्याचे दोन वायसर भिजत घातले. तेल टोळीचं, मोहाच्या बियांचं. पहिल्या वर्षी आम्ही कोरडेच वायसर हापशीत बसवले होते. पाणी काही चढलं नाही, गावभरच्या शिव्या तेवढ्या खाल्ल्या. तेव्हापासून ती वायसर बोटानं दाबून पाहायची, कणीक पाहावी तसा.

"आज भिजू दे, उद्याले बसवू," म्हणाली.

दुपारी तिच्या छातीत कळ आली. बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली. दिवस बुडायच्या आत माती दिली.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडचं, जंगलातलं. हापशी एकच. ती बंद पडली की लोक नाल्याचं पाणी प्यायचे आणि लेकरं हगवणीनं जायची. तालुक्याची दुरुस्तीची गाडी एकदा इतकी उशिरा आली की तोवर आम्ही आमचीच पोरगी पुरली होती. म्हणून गावातल्या माणसांना दुरुस्ती शिकवणार असं कळलं, तेव्हा आम्ही नवरा-बायको दोघंही गेलो. मी चौथी नापास, ती शाळेतच गेली नाही. शिकून आलो तर लोक म्हणाले, बौद्धवाड्यातल्या बाईचा हात लागला की पाणी बाटते.

ती म्हणाली, "ढोराचं चामडं चालते तुमच्या पाण्यात, अन् माहा हात नाई चालत?"

मग लोक बाजूला झाले. पाइप वर ओढताना लोखंडी चिमटा धरायचं काम तिचंच. चिमटा सुटला की सगळे पाइप बोरात. हापशी मेली.

माती देऊन परतताना सरपंच म्हणाले, "भाऊ, दहा दिवस सुतक हाय. हापशीले हात लावू नको. गाडी बोलावतो."

"आमी सुतक पाळत नाई. पाळाचंच असन तर नाल्याचं पाळा, पोरं त्यानं मारले."

"अन् चिमटा कोण धरते?"

मी घराकडे चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायसर दाबून पाहिले. मऊ झाले होते. वाटी, नटबोल्ट खोलायचे पाने, चिमटा घेऊन निघालो. लोक म्हणाले, हा माणूस दगड आहे. म्हणू दे.

हापशीवर आमच्या वाड्यातले तिघं आले होते आणि सरपंचाची सून पदर खोचून उभी होती. तिनं माझ्या हातातला चिमटा मागितला नाही, सरळ घेतला.

"तुले येते काय वं?"

"काकूनं शिकवलं. म्हणे, चिमटा धरतानी पाइपाकडे पाह्य, सासऱ्याकडे नाई."

सासरा समोरच उभा होता. पोरीनं मान वर केली नाही. माझी बायको तिला कधी शिकवत होती, मलाही माहीत नव्हतं.

पाइप वर आले, वायसर बसले, पाइप परत उतरले. चिमटा एकदाही हलला नाही. दांडा मी मारला. पहिल्या बादलीत तेलाचा तवंग होता, ती ओतून दिली. दुसरी सरपंचाच्या घागरीत रिकामी केली. मग बायकोचा पाना त्यांच्या सुनेच्या हातात दिला आणि त्यांना म्हटलं, "तालुक्याले कळवा, गाडी नको."