उभ्या बाईला जागा

मला इथे टिकवलं ते कंडक्टर अक्कांनी. हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याविषयी मी काय काय मनात आणलं ते वाचून तुम्ही मला नावं ठेवाल, आणि ठेवावीत.

दर बुधवारी त्या एरंडोलहून एसटीने धुळ्याला यायच्या. आमच्या वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये खुर्च्या दोन-दोन अशा मागोमाग लावायच्या, अंगठीने पहिल्या खुर्चीच्या दांडीवर दोनदा टकटक करायच्या आणि विचारायच्या, "बोला, कोन कोठे जाई राह्यनं?" जन्मभर एसटीत कंडक्टर होत्या. आवाज अजून मागच्या सीटपर्यंत पोचायचा.

गाडी जागची हलत नसे. पण कुणी पद्मालयाच्या गणपतीला निघे, कुणी सुरतेला. एक आबा दर वेळी बायकोच्या माहेरी निघायचे आणि दर वेळी अर्ध्या वाटेत उतरून जायचे. खेळात एकच गोष्ट मना होती, 'नाही' म्हणणं. ड्रायव्हर झोपला असं कुणी म्हटलं की झोपला. अक्का लगेच, "हां, झोपना. मंग काय जयं?" मग पुढचा म्हणायचा, स्टेरिंग मी धरलं. तिसरा म्हणायचा, म्हणून तर गाडी केळीच्या बागेत घुसली.

मी तिथली सांभाळणारी बाई, भिंतीला टेकून बघत राहायची. मी आरमोरीकडची, भात खाणाऱ्या मुलखातली. शाळा सहावीत सुटली. पोरीला घेऊन कामासाठी इतक्या लांब आले. आधीच्या ठिकाणी एक आजी न्हाणीत घसरल्या. मी दुसऱ्या खोलीत होते, तरी बोट माझ्याकडे आलं आणि दोन दिवसांत पिशवी भरावी लागली. इथे नोकरीसोबत मागची खोली मिळाली होती आणि पोरगी दहावीला होती. नोकरी गेली की खोली जाणार, खोली गेली की तिची शाळा. त्यामुळे फुकट काही देणारं माणूस दिसलं की याचा आळ उद्या माझ्यावर येईल म्हणून मी त्याच्यावर नजर ठेवायची.

ही बाई एवढ्या लांबून येते, चहासुद्धा घेत नाही, मग घेते तरी काय? खेळ संपला की मी आज्यांच्या बोटांतल्या अंगठ्या नजरेने मोजायची. एकदा तर अक्का हात धुवायला गेल्या तेव्हा त्यांची पिशवी उघडून पाहिली. शुगरच्या गोळ्या, टॉवेल आणि फडक्यात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, फार हुशार दिसते.

शेवटी तोंडावर विचारलं, यात तुम्हाला काय मिळतं? त्या म्हणाल्या, घरी बसून राहिलं की पायांना मुंग्या येतात. माझा विश्वास बसला नाही.

आमच्याकडे एक आजी होत्या. मालक आले का, असं नवऱ्याविषयी दिवसभर विचारायच्या. आम्ही खरं तेच सांगायचो, मालक वारले. त्या दर वेळी नव्याने ऐकल्यासारख्या रडायच्या. अक्कांना त्यांनी तेच विचारलं. अक्का म्हणाल्या, "पुढला ष्टापवर चढतीन. तुम्ही जागा धरी ठेवा." आजींनी कमरेचा रुमाल काढून शेजारच्या खुर्चीवर टाकला, हात ठेवून बसल्या आणि तासभर कुणाला तिथे टेकू दिलं नाही. त्या दिवशी रडल्या नाहीत. मला मात्र राग आला. म्हाताऱ्या माणसाला चक्क खोटं सांगायचं म्हणजे काय? आम्ही खरं सांगून त्यांना रोज रडवत होतो, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता नाना. फैजपूरचे, केळीवाले, खुब्याचं ऑपरेशन झालेले. डॉक्टर सांगून थकले होते की उभे राहा, नाहीतर कायमचे खाटेला लागाल. नाना म्हणायचे, पडेन. आणि तुम्हाला खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं. जो उठत नाही तो पडत नाही, आणि तो पडला नाही तर माझ्यावर आळ येत नाही.

अक्का त्यांना गाडीत कडेच्या सीटवर घ्यायच्या. मी मागे उभी राहायची, दोन्ही हात तयार ठेवून. त्या बुधवारी गाडी भरलेली होती. अक्कांनी टकटक केली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाई बाई कवयनी उभी शे. लांबनी शे. जागा कोन दी?"

सगळे आपापल्या सीटला चिकटून बसले. मग नानांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, खाजवायला वाकले. ते उठले. पाय लटपटत होते, तोंड लाल झालेलं. मान वळवून त्यांच्या त्या फैजपूरकडच्या बोलीत मला म्हणाले, "बस व बाई, कव्हाची उभी हायेस."

अक्का डोळ्यांनी मला खुणावत होत्या, त्यांना धर, त्यांना धर. माझं काम तेच होतं. पण मी बसले. का बसले ते आजही नीट सांगता येत नाही. माझ्यासाठी कुणी उठलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं, एवढंच.

अक्काच धावत आल्या आणि त्यांनी नानांच्या कमरेला हात घातला. नाना हसत होते. तेवढ्यात ऑफिसचे साहेब दारात आले. त्यांना दिसलं ते असं: पेशंट उभा, आणि त्याला सांभाळणारी बाई आरामात खुर्चीवर.

त्यांनी माझं नाव घेतलं. मी उठून खुर्ची नीट करू लागले. अक्का साहेबांच्या मराठीत बोलल्या, "भाऊ, तिला मीच बसवलं. ती नको म्हणत होती."

साहेबांनी त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं आणि पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. अक्कांनी सही केली, खुर्च्या एकेक करून भिंतीला लावल्या आणि जाताना मला एवढंच म्हणाल्या की सकाळ-संध्याकाळ नानांना उभं करत जा. मी फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही. साहेब बघतील म्हणून.

नाना आता वॉकर घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातात. आजी मालकांची चौकशी करतात, तेव्हा मी गाडी यायला वेळ आहे म्हणून सांगते. बुधवारी हॉलमध्ये टीव्ही लावतात. आणि अक्कांना माझ्यासाठी खोटं बोलून काय मिळालं, हा प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. संशयाची सवय वाईट असते.

पण एक ठरवलं आहे. पोरगी शिकून आपल्या पायावर उभी राहिली, आम्हाला दुसरं छप्पर मिळालं, की मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहणार आहे. तो कागद काढा म्हणणार आहे. सांगणार आहे की अक्कांनी त्या दिवशी मला बस म्हटलं नव्हतं, मी आपणहून बसले. मग एरंडोलची गाडी पकडीन आणि अक्कांना सांगीन, बुधवारी या.