प्रगतीचा माणूस खाली बसतो

प्रगतीचा माणूस चौदा महिने हात पसरून उभा होता. बेलवलीतल्या त्या दीड खोलीत येणारा प्रत्येक जण आधी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायचा, मग प्रगतीकडे.

"हा कोणाला मिठी मारतोय गं?" शेजारच्या भारतीकाकूंनी विचारलं.

"कोणाला नाही. त्याला हाडं घालतेय."

"अजून?"

अजून. रिगिंग म्हणजे तेच. कॉम्प्युटरमधल्या बाहुल्याच्या आत हाडं घालायची, कातडी त्या हाडांना बांधायची, मग दुसरं कोणीतरी येऊन त्याला नाचवणार. चार स्टुडिओंना प्रगतीने काम पाठवलं होतं. एकाने नाही म्हटलं. तिघांनी नाहीसुद्धा म्हटलं नाही.

आई, चंद्री, आनंदनगरच्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. ती भांडत नसे. तिने फक्त सुपरवायझरशी बोलून ठेवलं होतं.

"दसऱ्यानंतरचा सोमवार. तोवर तुला कोणी घेतलं तर ठीक. नाहीतर माझ्याबरोबर निघायचं."

हुरूप टिकावा म्हणून लोक भिंतीवर सुविचार चिकटवतात. प्रगतीकडे काशीआत्या होती. होळीला मोतीबिंदू काढायला बारवीकडच्या गावातून आली, ती परत जायचं विसरली. रोज संध्याकाळी चहाचा कप घेऊन विचारायची,

"आज काय हाललं?"

"डावा कोपर."

"बरा. न् कालचा खांदा?"

"तो मोडला."

"व्हतंय. उद्या घाल."

खोटं सांगायची सोय नव्हती. आत्या चष्मा लावून, पडद्याला नाक टेकवून खात्री करून घेई.

दसऱ्याच्या जरा आधी ठाण्याच्या एका स्टुडिओची परीक्षा आली. पात्र खाली बसलं पाहिजे, गुडघे आणि कंबर बिघडता कामा नयेत. मुदत दहा दिवस.

प्रगतीने त्याला उकिडवं बसवायला घेतलं. मांडी पोटात घुसली. गुडघा चिरमुटला. माणूस सारखा मागे कलंडत होता.

"आत्या, परत बस बरं."

आत्या भात बेणायला, तण उपटायला बसावी तशी बसली. सत्तराव्या वेळी.

"तू मागे कशी पडत नाहीस?"

"अगो, टाच टेकली पायजे. ढोपरं काखेत न् अंग पुढं. तुझा ह्यो टाच उचलून बसतो. कुठला हाय ह्यो?"

दहाव्या दिवशी त्याची टाच टेकली. फाइल गेली.

दसरा झाल्यावर गुरुवारी स्टुडिओच्या किर्ती मॅडमचा फोन आला.

"प्रगती, खुर्ची कुठंय?"

"कुठली खुर्ची?"

"मेलसोबत पाठवलेली. तिच्यावर बसवायचं होतं."

प्रगतीने मेल उघडली. खुर्ची होती. चांगली होती.

"सॉरी मॅडम. आमच्यात खाली बस म्हटलं की खालीच बसतात."



"उद्या दुपारपर्यंत खुर्चीवर बसवून पाठव."

त्याला तासभर लागला. उकिडवं जमलेल्या माणसाला खुर्ची म्हणजे अर्ध्या वाटेत थांबणं.

शुक्रवार गेला. शनिवारी आईने दुसरा डबा घासून ठेवला. अगदी प्रगतीला दिसेल असा. संध्याकाळी फोन वाजला.

"खुर्चीवर सगळ्यांनीच नीट बसवलाय," किर्ती मॅडम म्हणाल्या. "तुझा तो उकिडवा आम्ही दिवसभर उठवत-बसवत होतो. गुडघा फाटतच नाही. तीन महिने ट्रेनी. सोमवारी दहाला ये."

आईने हात पुसले. "मग सुपरवायझरला काय सांगू? कसलं काम म्हणू?"

"हाडं घालायचं."

"तसं नको. घाबरेल तो. कॉम्प्युटरवर, असं सांगते."

सोमवारी किर्ती मॅडमनी तिच्यापुढे एक म्हैस ठेवली. चार पाय, हाड एकही नाही.

"जवळून बघितलीस कधी?"

"गावाला. खूप वेळा."

"बसते कशी?"

प्रगतीने ओढणी कमरेला बांधली, ऑफिसच्या फरशीवर दोन्ही हात टेकले आणि मनगटं दुमडून पुढून खाली गेली.

"आधी पुढून," ती खालून म्हणाली. "मागचं नंतर येतं."