विनोदिनीबाईंनी परत नेलेली बाटली

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं आणि चौबे कॉलनीतली घरं भराभर ऑफिसांना भाड्यानं जाऊ लागली. विनोदिनीबाईंनी आपलं दिलं नाही. नवरा गेल्यावर त्याच्या जागी रेल्वेत लागल्या, तेव्हाही त्यांनी सासरच्यांचं ऐकलं नव्हतं. आता रिटायर झाल्या होत्या. घरात त्या आणि ढवळी नावाची म्हातारी मांजर.

त्या हिवाळ्यात ढवळी वाळत चालली. बादलीतलं पाणी सारखं पिई, खाण्याला तोंड लावीना. जनावरांच्या दवाखान्यात, गायी-बकऱ्यांच्या गर्दीत, बाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले की किडन्या कामातून गेल्या आहेत, बऱ्या होणार नाहीत. पण कातडीखाली सलाईन दिलं आणि खाणं सांभाळलं तर काही काळ बरा जाईल. बाई सलाईन द्यायला शिकल्या. बाटली खिडकीच्या गजाला टांगायच्या आणि ढवळीला पदरात गुंडाळायच्या.

धाकटा दीर शेखर जडीबुटीच्या अर्काची बाटली घेऊन आला. पुनर्नवा, गोखरू आणि आणखी काय काय. किडनी नवी होते, असं दुकानदार भैय्यालालनं त्याला छातीठोक सांगितलं होतं. डॉक्टरांचं ‘बऱ्या होणार नाहीत’ बाईंना टोचतच होतं. त्यांनी थेंब पाजले. ढवळीच्या तोंडाला फेस आला, उलट्या सुरू झाल्या, होतं नव्हतं ते खाणंही सुटलं. डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. आत काय किती आहे, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. माणसाला चालतं ते मांजराला चालेलच असं नाही, म्हणाले, आणि अर्क बंद करायला लावला.

जाऊ द्या म्हणून शेखरनं परोपरीनं समजावलं. बाई बाटली घेऊन थेट दुकानात गेल्या. गिऱ्हाइकं उभी होती. मांजराला हे कधी देऊन पाहिलंय का, एवढंच त्यांनी विचारलं.

भैय्यालाल हसला. “दीदी, जड़ी-बूटी से नुकसान नहीं होता. और बिल्ली ही तो है.”

“बिल्लीच आहे, म्हणून विचारून राहिली,” बाई म्हणाल्या. “तिले बोलता येत नाही. मले येते.”

मग त्या दुकानासमोरच्या बाकावर बसल्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला ढवळीचं काय झालं ते सांगू लागल्या. भैय्यालालनं आधी चहा मागवला, मग पोलिसांचं नाव काढलं. त्यांनी चहा घेतला आणि बसून राहिल्या. शेखर ओशाळून न्यायला आला.

“वहिनी, लोक हसून राहिले. मांजरापायी काहून भांडता?”

“हसू दे. मांजरापायीच भांडून राहिली मी.”

दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. भैय्यालालचं दुकान चालूच राहिलं, पण त्या अर्काच्या बाटल्या फळीवरून गेल्या. शेखर बरेच दिवस रुसून होता.

ढवळीनं सलाईनवर उन्हाळा काढला, रोज थोडं मागून खाल्लं. पावसाळ्यात बाईंच्या मांडीवरच मेली. एका मांजरासाठी एवढं कशाला केलं, असं शेजारीण म्हणाली, तेव्हा बाई म्हणाल्या, “माझी होती,” आणि अंगणात पुरायला कुदळ मागून घेतली.