फुकुओकाला उतरा, मग हाकत या

फौजेत वीस वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये काढली. हवालदार म्हणून निवृत्त झालो. सध्याचं पोस्टिंग कुवेत. तिथल्या राई नावाच्या भागात एका गोदामात ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. चाळीस गाड्यांचा कॉन्व्हॉय डोंगरावर चढवलेला माणूस मी. पण स्वतःला नागासाकीला पोचवणं मला जमेना.

तिथे गौरीचं लग्न होतं. गौरी म्हणजे माझा फौजेतला बडी, नायक संपत कदम, त्याची मुलगी. संपत गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आता नागासाकीत नर्स आहे. आईला एवढा प्रवास झेपत नाही. वडिलांच्या जागी मी उभं राहायचं, असं ठरलेलं.

गौरी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिते. तिचा मेसेज आला: "Kaka, Fukuoka la utara. Mag Hakata ya."

मी वाचलं, हाकत या. छाती फुगली. फुकुओका ते नागासाकी रस्त्याने दीडशे किलोमीटर. भाड्याची कार बुक केली.

मग वैताग सुरू झाला. कुवेतचं लायसन्स जपानला चालेना. भारतातल्यावर आंतरराष्ट्रीय परमिट मिळतं, पण माझ्या लायसन्सची मुदत संपलेली. साताऱ्याच्या भावाला आरटीओत पिटाळलं. तो म्हणाला, "दादा, तू स्वतः आल्याशिवाय होणार नाही म्हणतात."

बायकोचं रोज तेच. "अहो, विमानतळावरून थेट बस आहे. बसने जा की."

"पोरीने हाकत या लिहिलंय, सुनंदा. ऑर्डर आहे."

"मग बसा हाकत. दिवाणखान्यात."

लग्न चार दिवसांवर आलं. शेवटी गौरीला फोन लावला. "बेटा, लायसन्सचं जमत नाही. हाकत येणं कॅन्सल. लग्नाला पोचेन की नाही, सांगता येत नाही."

"काय हाकत?"

मेसेज वाचून दाखवला. ती हसत सुटली. "काका, हाकाता! फुकुओकाच्या रेल्वे स्टेशनचं नाव आहे ते. विमानतळापासून मेट्रोची दोन स्टेशनं. तिथून ट्रेन. मध्ये एकदा बदलायची, समोरच्याच फलाटावर. परतही तसंच जायचं."

मागून सुनंदाचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "रॉजर."

मग गौरी हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं काका. कोणी गाडी चालवत येतंय म्हटलं, की पोचेपर्यंत मला घास उतरत नाही."

मी कारचं बुकिंग रद्द केलं.

संपत गेला त्या दिवशी कॉन्व्हॉयची पहिली गाडी त्याची होती. मी मागच्या गाडीत, वायरलेस सेटवर. तो वन, मी टू.

"टू, वन. पुढे रस्ता खचतोय. कॉन्व्हॉय थांबव. ओव्हर."

"वन, टू. थांबवला. तू मागे घे. ओव्हर."

"टू, वन. मागे जागा नाही. कुणाला पुढे सोडू नको. ओव्हर."

मी कुणाला सोडलं नाही. एकोणचाळीस गाड्या खाली उतरल्या.